खांद्यावरची जखम : बैलांच्या शुश्रूषेचा इतिहास आणि गृहस्थाचे अहिंसाव्रत

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेतील मुलांकडून मुखोद्गत करवून घेतले जातात. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध ही ती पाच नावे होत. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ती येतात आणि आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारातही थोड्या शब्दभेदाने आढळतात. परंतु या नावांचा अर्थ खऱ्या अर्थाने उलगडतो तो गोठ्यात उभे राहिल्यावर. बंध म्हणजे जनावर हलू शकणार नाही असे करकचून बांधणे. येथे वध याचा अर्थ जीव घेणे असा नसून काठी, चाबूक, पराणी यांनी मारणे असा आहे. छेद म्हणजे नाक, कान आदी अवयवांस छेद देणे. अतिभारारोपण म्हणजे शक्तीपलीकडे ओझे लादणे आणि अन्नपाननिरोध म्हणजे वेळेवर चारापाणी न देणे. या पाचांपैकी पहिल्या चारांची खूण जनावराच्या अंगावर जखमेच्या रूपाने उमटते. दाव्याचा काच पायाला, पराणीचे भोक पुठ्ठ्याला, वेसणीची चीर नाकपुडीला आणि ओझ्याचे घट्टे खांद्याला पडतात. व्रताचा भंग कोठे झाला हे पाहावयाचे असेल, तर श्रावकाने बैलाच्या अंगावरून एकदा हात फिरवावा, इतके हे वर्णन नेमके आहे.

सेनगाव तालुक्यातील साखरा आणि भोवतालच्या गावांत या विषयाचे महत्त्व केवळ पुस्तकी नाही. मराठवाड्यातील सैतवाल जैन कुटुंबे शेती आणि व्यापार हे दोन्ही व्यवसाय पिढ्यान् पिढ्या करीत आली. दुकानाच्या मागच्या बाजूस गोठा असणे ही अनेक घरांची रीत होती. पेरणी, वखरणी, कोळपणी, मालाची ने-आण ही सारी कामे बैलांच्या खांद्यावर होती. या भागात काटक बांध्याच्या लाल कंधारी बैलांस मोठा मान. ट्रॅक्टर आल्यावर नांगरट यंत्राकडे गेली आणि बैलजोड्यांची संख्या घटली हे खरे; तथापि उभ्या सोयाबीन-कापसाच्या ओळींतून कोळपे चालवावयाचे असते तेव्हा बैल अजूनही लागतोच. शिवाय जोड्या कमी झाल्याने एका जोडीवर अनेक शेतांचे काम पडू लागले. भाड्याने फिरणाऱ्या जोडीच्या खांद्याकडे लक्ष कोणाचे, हा प्रश्न पूर्वी नव्हता, तो आता निर्माण झाला आहे.

खांद्याची जखम ही जुनी गोष्ट आहे आणि तिची जाण लोकाचारातही मुरलेली आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी सायंकाळी खांदमळणी केली जाते. बैलांस न्हाऊ घालून, त्यांच्या खांद्यांस तूप वा लोणी आणि हळद लावून, ते हाताने मळले जातात. श्रावण अमावास्येच्या सुमारास पेरणी-कोळपणीचा मोठा ताण संपत आलेला असतो आणि पावसात भिजून मऊ झालेल्या कातड्यावर जू घासून खांदे सोलवटलेले असतात. नेमक्या अशा वेळी वर्षातून एकदा तरी धन्याचा हात बैलाच्या खांद्यावरून फिरावा, ही या विधीमागची व्यावहारिक बाजू म्हणावी लागेल. हाताला गाठ लागते, ऊन भाग लागतो, बैल अंग चोरतो हेही समजते. पूजेचा भाग वगळला तरी खांदमळणी ही एक तपासणीच आहे. दोष इतकाच की ती वर्षातून एकदाच होते. औताच्या दिवसांत ती दररोज संध्याकाळी व्हावयास हवी.

जनावरांच्या चिकित्सेची भारतीय परंपरा प्राचीन आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्य आणि पशू अशा दोघांच्याही चिकित्सेची व्यवस्था केल्याचे आणि जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्याचे नमूद केले आहे. गिरनारच्या शिळेवर हा लेख आजही पाहावयास मिळतो. त्याहून कमी परिचित असलेला पाचवा स्तंभलेख या विषयाच्या अधिक जवळचा आहे. ठरावीक पर्वदिवशी बैलांचे खच्चीकरण करू नये आणि घोडे व बैल यांना डाग देऊ नयेत, असे त्यात सांगितले आहे. अशोकाने डागण्याची प्रथा पूर्णपणे थांबविली नाही, काही दिवसांपुरती थांबविली. यावरून ती किती रूढ असावी याची कल्पना येते. सुजलेल्या खांद्यास तापलेल्या लोखंडाने डाग देण्याचा उपाय तर खेड्यापाड्यांतून थेट आपल्या काळापर्यंत चालत आला. डागल्याने सूज जात नाही. एका जखमेच्या जागी दोन जखमा होतात आणि डागाचे कातडे पुढे जुवाखाली लवकर फाटते.

अश्वचिकित्सेचे आद्य आचार्य म्हणून शालिहोत्राचे आणि गजचिकित्सेचे म्हणून पालकाप्याचे नाव घेतले जाते. शालिहोत्रावरूनच जनावरांच्या वैद्याला सालोत्री हा शब्द रूढ झाला. हिंगोली हे निजामाच्या राज्यातील हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेचे ठाणे होते आणि ही छावणी १९०३ पर्यंत टिकली. घोडदळ म्हटले की खोगिराखाली सोललेल्या पाठी आल्या आणि त्यांवर उपचार करणारे सालोत्री व नालबंदही आले. परंतु प्राचीन ग्रंथ काय किंवा फौजा काय, त्यांचे लक्ष राजाच्या हत्तीघोड्यांवर होते. कुणब्याच्या बैलाचा आणि लमाणांच्या तांड्यातील मीठ-धान्य वाहणाऱ्या ओझ्याच्या बैलाचा वैद्य म्हणजे त्याचा धनीच. घरगुती उपचाराची परंपरा अशा गरजेतून वाढली. तिच्यात शहाणपण आणि अज्ञान शेजारी शेजारी नांदत आले.

जैन समाजाने या क्षेत्रात उभी केलेली मोठी संस्था म्हणजे पांजरपोळ. १६२३ मध्ये खंबायत येथे आलेला इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले याने तेथील पशुपक्ष्यांच्या रुग्णालयांचे वर्णन करून ठेवले आहे. पोरक्या उंदरांच्या पिलांना कापसात ठेवून पिसाने दूध पाजणारा एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध त्याने तेथे पाहिला. परदेशी प्रवाशाला त्यात नवल वाटले. आपल्याकडील वाचकांस ते तितके वाटणार नाही. मुंबईत १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारण्याचे धोरण कडकपणे राबविले तेव्हा दंगल उसळली आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ स्थापन झाला. मोतीचंद म्हणजेच शत्रुंजयावरील प्रसिद्ध टुंक बांधविणारे मोतीशा शेठ. एक पारशी आणि एक जैन यांनी मिळून उभारलेले हे काम आजही चालू आहे.

पांजरपोळाचे श्रेय मान्य करूनही एक गोष्ट नोंदवावी लागते. पांजरपोळात जनावर येते ते काम संपल्यावर; थकलेले, लंगडे, टाकून दिलेले. ज्या जुवाने त्याचा खांदा सोलला ते जू तोवर दुसऱ्याच बैलाच्या मानेवर गेलेले असते. अतिभारारोपणाचा अतिचार घडतो शेतात आणि रस्त्यात, व त्याचे परिमार्जन होते दान देऊन गावाबाहेरच्या संस्थेत. सूत्रकारांनी व्रत सांगितले ते काम घेणाऱ्यास. दान देऊन ते दुसऱ्याकडून पाळून घेता येत नाही.

काम करणाऱ्या जनावरांकडे कायद्याचे लक्ष गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मुंबईत प्राणिदया मंडळी १८७४ मध्ये स्थापन झाली. परळ येथे सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाई यांच्या नावाचे पशुरुग्णालय उभे राहिले आणि त्याच्याच आधाराने १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. प्राणिक्रूरता प्रतिबंधाचा पहिला अखिल भारतीय कायदा १८९० चा. स्वातंत्र्यानंतर १९६० मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. जखम असलेल्या वा आजारी जनावराकडून काम घेणे हा या कायद्याच्या कलम ११ अन्वये गुन्हा आहे. १९६५ च्या नियमांनी तर ओझ्याची वजनेही ठरवून दिली. पाठीवर वाहण्यासाठी लहान बैलास १०० किलो, मध्यमास १५० आणि मोठ्यास १७५ किलोंची मर्यादा आहे. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा अधिक व सलग पाच तासांपेक्षा अधिक काम नाही. तापमान ३७ अंशांवर गेले की दुपारी बारा ते तीन काम बंद. अतिभार म्हणजे किती भार, हा प्रश्न पूर्वी धन्याच्या विवेकावर सोडलेला होता. त्याला किलो आणि तासांत उत्तर मिळाले ते असे.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिल्याने परळच्या शिक्षणाचा लाभ या भागास उशिरा पोहोचला. परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते १९७२ मध्ये. हिंगोली त्या वेळी परभणी जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. आता १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास शासनाच्या फिरत्या पशुचिकित्सा पथकाची मदत मागता येते. तथापि पावसाळ्याच्या रात्री शेतावर बैलाचे शिंग मोडले तर पहिले काही तास घरच्यांच्याच हातात असतात आणि जखमेचे पुढे काय होणार हे बहुधा तेवढ्यात ठरते.

जखमेवर काय लावावे यासंबंधीच्या आपल्या समजुतींनाही इतिहास आहे. ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाने जखमेचा दाह टाळता येतो हे दाखवून दिले. त्या शोधाची ख्याती जगभर गेली आणि त्याच कुळातील फिनाईलची बाटली कालांतराने आपल्या गोठ्यात येऊन पोहोचली. फिनाईल जमिनीसाठी आहे. लोकांनी ते निर्जंतुक करते एवढेच लक्षात ठेवून थेट जखमेवर ओतावयास आरंभ केला. त्याने जंतूंबरोबर नवे मांसही जळते. रॉकेल, इंजिनाचे जळके तेल, चुना, बॅटरीतील काळी भुकटी आणि पिकावरील कीटकनाशकांची पावडर यांचीही तीच गत. कीटकनाशक तर जखमेतून रक्तात जाते. बैल जखम चाटतो तेव्हा पोटातही जाते. शेण आणि राख यांतून धनुर्वाताचे जंतू जखमेत शिरण्याचा धोका असतो. आजीच्या बटव्यातील साऱ्याच गोष्टी निरुपद्रवी होत्या असे मानण्याचे कारण नाही.

त्या बटव्यातील चांगल्या गोष्टी मात्र जैन घरांत आयत्याच आहेत. पहिली म्हणजे पाणी. पाणी गाळून, उकळून वापरण्याचा आपल्याकडील नियम जीवरक्षणासाठी सांगितला गेला. जखम धुण्यासाठी नेमके तसेच पाणी लागते. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा दीड सपाट चमचा मीठ घातले की दवाखान्यातील क्षारजलाच्या जवळ जाणारे द्रावण तयार होते. प्रथम जनावर नीट बांधून घ्यावे, परंतु गळफास लागेल असे नव्हे; दुखावलेला शांत बैलही शिंग मारतो. आपले हात साबणाने धुवावेत. रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापडाची घडी पाच-दहा मिनिटे न उचलता दाबून धरावी. मधूनमधून उचलून पाहिल्याने बसलेली गाठ सुटते. मग भोवतालचे केस कातरून जखम भरपूर पाण्याने, धार सोडून धुवावी. पोटॅशियम परमँगनेट वापरावयाचे असल्यास पाणी फिकट गुलाबी दिसेल इतकेच. जांभळे झाले तर ते कातडी भाजते. नंतर पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण लावावे. हे सर्व सकाळ-संध्याकाळ.

हळदीविषयी स्वतंत्र लिहिणे भाग आहे, कारण हिंगोली हा हळदीचा जिल्हा आहे आणि वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हळद व तूप यांचा लेप वरवर सोललेल्या, स्वच्छ धुतलेल्या कातड्यावर उपयुक्त ठरतो. कातडे मऊ राहते. परंतु खोल जखमेत कोरडी हळद ठासून भरणे घातक होय. वरून पिवळी खपली धरते, आत पू कोंडतो आणि धन्यास वाटते की जखम भरली. मधाचा उपयोग जखमेसाठी प्राचीन काळापासून सांगितलेला असला तरी तो जैन आचारात त्याज्य असल्याने आपल्या घरांतून तूप, कडुनिंब आणि करंज यांवरच भर राहिला. करंजाचे वा निंबाचे तेल जखमेच्या आत न घालता कडेने फिरवावे. त्याच्या उग्र वासाने माशा दूर राहतात.

माशीचा प्रश्न आला की जैन गृहस्थापुढे खरा पेच उभा राहतो. उघड्या जखमेवर विशिष्ट जातीच्या माश्या एका वेळी शेकडो अंडी घालतात. साधारण एका दिवसात अळ्या बाहेर पडतात आणि जिवंत मांस खात पाच-सात दिवस आत आत शिरतात. खुराच्या बेचक्यात, शिंगाच्या बुडाशी, वेसणीच्या भोकात असे किडे पडल्यावर बैल खाणे टाकतो. आता उपचार केला तर अळ्या मरतात आणि न केला तर पंचेंद्रिय जीव तिळातिळाने खाल्ला जातो. काही घरांत अळ्या मरू नयेत म्हणून जखमेस हात लावला जात नसे आणि काही ठिकाणी गडीमाणसाकडून औषध घालवून घेतले जाई. दुसऱ्या प्रकारास तर पळवाट म्हणणेच योग्य, कारण करविणे आणि अनुमोदन देणे हेही करण्यासारखेच आहे असे शास्त्र सांगते. पशुवैद्य टर्पेंटाइनचा बोळा ठेवून बाहेर येणाऱ्या अळ्या चिमट्याने काढतात वा आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन देतात. चिमट्याने जिवंत काढलेल्या कोवळ्या अळ्याही बाहेर जगत नाहीत, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. संकल्पी हिंसा आणि गृहस्थाच्या हातून टाळता न येणारी हिंसा हा आपल्या परंपरेतील भेद येथे उपयोगी पडतो, कारण उपचार करणाऱ्याचा संकल्प मारण्याचा नसतो, बैलाचे दुःख दूर करण्याचा असतो. उपचार न करणे ही अहिंसा नव्हे, असेच या बाबतीत म्हणावे लागेल. तथापि या पेचातून निर्दोष सुटका एकाच जागी आहे आणि ती म्हणजे पहिला दिवस. माशी बसण्यापूर्वी जखम धुतली, औषध लावले, पायाची असेल तर स्वच्छ पट्टी बांधली, गोठा कोरडा ठेवला, तर अंडीच पडत नाहीत. बैलही वाचतो आणि अळ्यांचा प्रश्नही उद्भवत नाही.

दयेपोटी केलेल्या कृतीतून दूरवर हिंसा घडू शकते, याचे एक उदाहरण आपल्या काळातीलच आहे. वेदना कमी व्हावी म्हणून जनावरांना डायक्लोफिनॅक हे औषध सर्रास दिले जाई. ते दिलेले जनावर लवकरच मेले आणि गिधाडांनी खाल्ले, तर त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. भारतातील गिधाडे त्यामुळे जवळजवळ नाहीशी झाली. केंद्र सरकारने २००६ मध्ये या औषधाच्या जनावरांवरील वापरास बंदी घातली आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांवरही. माणसांसाठीची वेदनाशामके दुकानातून आणून बैलास टोचणे यासाठीही वर्ज्य. मेलॉक्सिकॅम हे त्या दृष्टीने सुरक्षित औषध आहे, परंतु किती द्यावे हे पशुवैद्यानेच ठरवावे.

काही प्रसंगी घरगुती उपचारांत वेळ घालविणे योग्य नाही. कुत्रे वा कोल्हा चावला असेल तर हातमोजे घालून जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, टाके घालू नयेत, हळद-चटणी भरू नये आणि त्याच दिवशी पशुवैद्यास कळवावे. पिसाळ रोगाच्या जनावराची लाळ माणसासही तितकीच घातक. पोटात वा सांध्यात गेलेली जखम, न थांबणारे रक्त, मोडलेले शिंग, दुर्गंधी, ताप, जबडा आखडणे ही चिन्हेही तशीच. २०२२ मध्ये लम्पी आजाराने महाराष्ट्रात थैमान घातले तेव्हा अंगावरच्या गाठी फुटून झालेल्या जखमांना सुरुवातीस कित्येकांनी साधी इजा समजले. अनेक गाठी एकदम उठल्या तर प्रथम जनावर वेगळे बांधणे आवश्यक आहे. खांद्यावरची जुनी कठीण गाठ, जिला आवाळू म्हणतात, ती घरी चिरू नये, कारण तिच्यात पू आहे की वाढलेले मांस आहे हे वरून कळत नाही. पोळ्यासाठी शिंगे साळून त्यांवर तैलरंग देण्याची हौसही पशुवैद्यांच्या मते टाळण्याजोगी आहे.

खांदा सुजल्याचे लक्षात येताच पहिल्या दिवशी थंड पाण्याचा शेक द्यावा, नंतरच्या दिवसांत कोमट. आणि जू पूर्णपणे बंद. हा शेवटचा भाग सर्वांत कठीण असतो, कारण पेरणीचा वाफसा चार दिवसांचा आणि जोडी मोडली तर दुसरा बैलही उभा राहतो. ज्या घरांतून अशा वेळी शेजाऱ्याचा बैल मागून, सावड करून औत चालविले जाई, त्या घरांचे बैल म्हातारपणापर्यंत कामास टिकत, असा अनुभव जुने शेतकरी सांगतात. सूज उतरल्यावर जुवाचा दांडा हाताने तपासावा. तो खरबरीत, अरुंद किंवा एका बाजूस कललेला असतो. दोन बैलांची उंची कमीजास्त असते, शिवळ घासत असते, अथवा जोताचा पट्टा ओला राहून कडक झालेला असतो. दांडा तासून गुळगुळीत करावा, टेकण्याची जागा रुंद करावी आणि तिला कापसाची गादी बांधून ती रोज वाळवावी. नव्या कातड्यावर केस उगवेपर्यंत बैल जुंपू नये. उगवल्यावरही पहिले काही दिवस सकाळच्या गार वेळी, रिकाम्या गाडीस, तासभरच जुंपावा आणि सोडल्यावर खांदा पुन्हा हाताने चाचपावा.